मोयनाकचा कोरडा धक्का

नुकुसहून उत्तरेला निघालेल्या गाडीच्या खिडकीतून बराच वेळ दिसत राहतो तो कापूस. सप्टेंबरची अखेर असेल तर बोंडं फुटलेली असतात आणि वेचणी चालू असते. मध्येच भाताची खाचरं लागतात, तुतीच्या झाडांच्या रांगा लागतात, आणि रस्त्याच्या कडेने मातीचे कालवे सोबतीला असतात. यातल्या बहुतेक कालव्यांना अस्तर नाही. पाणी शेतापर्यंत पोहोचायच्या आधीच त्यातलं बरंचसं जमिनीत मुरतं, आणि मुरलेलं पाणी खालचं मीठ वर आणतं. बांधांवर जो पांढरट थर दिसतो, तो या मिठाचा. ते धुऊन काढण्यासाठी पेरणीआधी शेतात पुन्हा पाणी सोडावं लागतं.

काराकल्पाकस्तान हे उझबेकिस्तानच्या पश्चिम टोकाचं स्वायत्त प्रजासत्ताक. नुकुस ही त्याची राजधानी आणि तिथून सुमारे २०० किलोमीटरवर मोयनाक. वाटेतलं कुंग्राद मागे पडलं की शेतं विरळ होतात, बोरूची बेटं येतात, मग नुसती खुरटी झुडपं. बहुतेक प्रवासी इथवर येतात ते वाळूत रुतलेल्या जहाजांचे फोटो बघून, त्यामुळे वाटेतल्या कापसाकडे कुणाचं लक्ष जात नाही. जहाजांची गोष्ट मात्र याच शेतांत सुरू होते.

गावाच्या वेशीवर सोव्हिएत काळातली पाटी आहे. तिच्यावर लाटा आहेत आणि मासा आहे. आजूबाजूला धूळ.

मोयनाक लांबट गाव आहे. एकच मुख्य रस्ता, दोन्ही बाजूंना बैठी घरं, आणि रस्ता जिथे संपतो तिथे जमीन अचानक तुटते. हा कडा म्हणजे अरल समुद्राचा जुना किनारा. वर एक उंच स्मारक आहे, छोटं संग्रहालय आहे, आणि पायऱ्या उतरून गेलं की खाली दहा-अकरा जहाजं एका ओळीत उभी आहेत. मासेमारीच्या बोटी, एखादं मालवाहू तराफ्यासारखं जहाज. समोर क्षितिजापर्यंत वाळू, झुडपं आणि शिंपले. आजचं पाणी इथून दीडशे किलोमीटरांच्या आसपास दूर आहे.

जवळ गेल्यावर आधी नजरेत भरतो तो रंग. गंज म्हणजे एकच तांबडा रंग अशी आपली समजूत असते. इथे विटकरी आहे, हळदीसारखा पिवळा आहे, जुन्या रक्तासारखा काळपट आहे, आणि मधूनच निळ्या-पांढऱ्या तेलरंगाचे पोपडे टिकून आहेत. गंजायला लोखंडाला हवा आणि ओल दोन्ही लागतात. मोयनाकला पाऊस नावापुरताच पडतो, म्हणून ही जहाजं दमट किनाऱ्यावर गंजली असती त्यापेक्षा खूप सावकाश गंजत आहेत. पण वाऱ्यावर उडणारं मीठ पत्र्यावर बसतं, हवेतली थोडीशी ओलही धरून ठेवतं आणि काम चालूच राहतं. उन्हाळ्यात पारा चाळिशीपर्यंत चढतो, हिवाळ्यात शून्याच्या खूप खाली उतरतो. फुगून आणि आकसून पत्र्याचे थर सुटत जातात. वारा सुटला की सैल पत्रा कुठेतरी आपटत राहतो, आणि ओसाड जहाजावर कुणीतरी काम करतंय असा भास होतो. एकट्याने आलेला प्रवासी इथे हमखास मागे वळून बघतो.

हा गूढपणा कुठून येतो? पडका वाडा किंवा किल्ला आपल्या जागेवरच पडलेला असतो, त्याचं पडणं आपल्याला समजतं. जहाजाला जागाच नसते. ते एका ठिकाणी कायमचं थांबलेलं दिसलं की काहीतरी बिनसलंय हे सांगावं लागत नाही. त्यातून पाण्याखाली असणारा त्याचा भाग, पोटाचा गोलवा, सुकाणू, पंखा, एरवी गोदीतल्या कामगारांखेरीज कुणी बघत नाही. इथे तो उघडा पडलेला असतो आणि त्याच्या सावलीत गुरं बसलेली असतात.

भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या माणसाला अडकलेलं जहाज काही नवं नाही. गोव्यात कांदोळीच्या किनाऱ्यासमोर जून २००० मध्ये रुतलेलं ‘रिव्हर प्रिन्सेस’ तब्बल बारा वर्षांनी पूर्ण हललं. तोवर त्याच्याभोवती वाळू खचत राहिली आणि खटले वाढत राहिले. मुंबईत २०११ च्या जूनमध्ये अलंगला भंगारात निघालेलं ‘विस्डम’ ओढणारा दोर तुटून जुहूच्या वाळूत चढलं आणि पावसात भिजत लोक ते बघायला लोटले. पुढच्याच महिन्याच्या अखेरीस ‘पवित’ नावाचं टँकर जहाज, ओमानजवळ खलाशांनी सोडून दिलेलं, चिटपाखरू नसताना अरबी समुद्र ओलांडून तिथेच येऊन टेकलं. सागरी सुरक्षेच्या नावाने त्यावरून जो गदारोळ झाला तो अनेकांना आठवत असेल. रत्नागिरीच्या मिऱ्या किनाऱ्यावर ‘बसरा स्टार’ आदळलं ते जून २०२० च्या निसर्ग वादळात, आणि तेही वर्षानुवर्षं तिथेच राहिलं. अशी जहाजं किनाऱ्यावर का राहतात याचं उत्तर बहुधा जमाखर्चात असतं. रुतलेलं जहाज सोडवण्याचा खर्च त्याच्या भंगाराच्या किमतीपेक्षा जास्त भरला की मालक, विमावाले आणि सरकार एकमेकांकडे बोट दाखवू लागतात.

पण या सगळ्या गोष्टींत जहाज किनाऱ्यावर आलं. मोयनाकची जहाजं कुठेच गेली नाहीत. ना वादळ झालं, ना खडक लागला, ना खलाशांनी चूक केली.

अरलवरची पहिली आधुनिक जहाजं तुकड्या-तुकड्यांनी आली होती. रशियन आरमारातला लेफ्टनंट अलेक्सेई बुताकोव्ह याला १८४८ मध्ये या समुद्राचा नकाशा करायचा होता, आणि अरलला जगातल्या कुठल्याच समुद्राशी जोडणारा मार्ग नाही. तेव्हा ‘कॉन्स्टंटिन’ हे शिडाचं जहाज ओरेनबुर्गला बांधून, सुटं करून, गाड्यांवर लादून गवताळ पठार ओलांडून सिर दर्या नदीच्या काठी आणलं आणि तिथे पुन्हा जोडलं. त्या मोहिमेत तारास शेवचेन्को हा युक्रेनचा कवी चित्रकार म्हणून होता. झारने त्याला सैन्यात शिपाई म्हणून हद्दपार केलं होतं, आणि लिहायला नि चित्रं काढायला बंदी घातली होती. बुताकोव्हने त्याला किनाऱ्याची चित्रं काढायच्या कामालाच लावलं! अरलच्या पहिल्या दृश्य नोंदींपैकी काही अशा रीतीने एका कैद्याच्या हातच्या आहेत.

तो समुद्र केवढा होता? १९६० साली त्याचा विस्तार सुमारे ६८,००० चौरस किलोमीटर होता. आपला पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतचा सगळा कोकण विभाग त्यात दोनदा मावला असता आणि वर जागा उरली असती. कॅस्पियन, सुपीरियर आणि व्हिक्टोरिया यांच्यानंतर जमिनीने वेढलेल्या जलाशयांत त्याचा चौथा नंबर लागे. पामीरवरून येणारी अमू दर्या आणि तिएनशानमधून येणारी सिर दर्या या दोन नद्या त्याला भरत. बाहेर जायला वाट नाही. दोन नद्यांनी आणायचं आणि उन्हाने न्यायचं, असा त्याचा साधा व्यवहार होता. दरवर्षी सुमारे एक मीटर जाडीचं पाणी वाफ होऊन जाई आणि नद्या ते भरून काढत.

मासे अमाप होते. १९२१ च्या दुष्काळात व्होल्गाच्या खोऱ्यात माणसं मरत होती, तेव्हा लेनिनने अरलच्या कोळ्यांना पत्र लिहून मदत मागितली. त्यांनी १४ वाघिणी भरून मासे पाठवले. उत्तरेकडच्या, आता कझाकस्तानात असलेल्या अराल्स्क स्टेशनच्या भिंतीवर या प्रसंगाचं रंगीत तुकड्यांचं चित्र आजही आहे. १९५० च्या दशकाच्या अखेरीला अरलमधून वर्षाला ४०,००० टनांहून जास्त मासळी निघत होती. मोयनाकच्या कारखान्यात ती डबाबंद होऊन सोव्हिएत संघभर जाई. गावात विमानं उतरत, उन्हाळ्यात लोक पोहायला येत.

मग मॉस्कोने ठरवलं की मध्य आशियाने कापूस पिकवायचा, आणि तो विक्रमी पिकवायचा. वाळवंटात कापूस घ्यायचा तर पाणी नद्यांचंच. १९५४ पासून तुर्कमेनिस्तानात काराकुम कालवा खणायला घेतला. अमू दर्याचं पाणी पश्चिमेला नेणारा हा कालवा पुढे १,३०० किलोमीटरांपलीकडे वाढला, आणि तोही बहुतांशी मातीचाच. उझबेकिस्तानात, ताजिकिस्तानात, सिर दर्याच्या खोऱ्यात असेच कालवे फुटले. अरलला पूर्वी सरासरी ५० घनकिलोमीटरांहून अधिक पाणी दरसाल मिळे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला काही वर्षं अशी गेली की जवळजवळ काहीच पोहोचलं नाही.

हे नजरचुकीने झालं नाही, आणि मोयनाकच्या जहाजांकडे बघताना सगळ्यात जास्त अंगावर येतं ते हेच. समुद्र आटणार हे नियोजन करणाऱ्यांना माहीत होतं. समुद्रात जाणारं पाणी ‘वाया’ जातं, तेच शेतात गेलं तर त्याचे पैसे होतात, अशी मांडणी झारच्या काळापासून चालत आली होती. अरलची मासळी एका पारड्यात आणि कापूस दुसऱ्या पारड्यात घातला तर कापूस जड होता, एवढाच तो हिशेब. धूळ, मीठ, आजार, हवामानातला बदल हे त्या तराजूत घातलेच नव्हते. नदीचं पाणी समुद्रात ‘वाया’ जाण्याची भाषा आणि उसाखालचं पाणी ज्या वाचकाने जवळून पाहिलंय, त्याला हा युक्तिवाद परका वाटणार नाही.

मोयनाकला पाणी एका रात्रीत गेलं नाही. अमू दर्याच्या मुखाशी समुद्र उथळ होता. पातळी हातभर उतरली की किनारा कितीतरी पुढे सरके. कोळी काय करणार? बंदरापासून पाण्यापर्यंत त्यांनी चर खणला. समुद्र आणखी सरकला, चर आणखी लांबवला. १९८० च्या सुमारास पाणी चाळीसेक किलोमीटरवर गेलं होतं. जहाजं चरातून जायची आणि चरातून यायची, आणि एका हंगामात आली ती पुन्हा निघाली नाहीत. तोवर मासेही संपले होते. पाणी कमी झाल्यावर मीठ घट्ट होत गेलं. लिटरला दहा ग्रॅमच्या आसपास असलेला खारटपणा पुढे दक्षिण भागात शंभरावर गेला. साध्या समुद्राच्या पाण्यात तो पस्तीस असतो. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अरलमधली व्यापारी मासेमारी थांबली.

यापुढचा प्रकार एखाद्या विनोदी कादंबरीत शोभावा असा आहे. समुद्र गेला तरी डबाबंदीचा कारखाना चालू ठेवला गेला. हजारो लोकांचा रोजगार होता, बंद कसा करणार? म्हणून बाल्टिक समुद्रातले आणि अतिपूर्वेकडचे गोठवलेले मासे हजारो किलोमीटरांवरून रेल्वेने आणायचे, मोयनाकला डब्यात भरायचे आणि परत पाठवायचे. सोव्हिएत संघ फुटला, वाहतुकीचं अनुदान संपलं, आणि १९९० च्या दशकात कारखान्यालाही टाळं लागलं.

अरलवरच्या एका जहाजाची गोष्ट मोयनाकच्या वाळूत दिसत नाही, पण ती सांगायला हवी. समुद्राच्या मध्यावर व्होज्रोझ्देनिये नावाचं बेट होतं. सोव्हिएत सैन्य तिथे जैविक शस्त्रांच्या चाचण्या घेई. १९७१ च्या उन्हाळ्यात ‘लेव्ह बेर्ग’ हे संशोधन जहाज त्या बेटाच्या जवळून गेलं. अरलवर ज्याने १९०८ साली मोठा ग्रंथ लिहिला त्या शास्त्रज्ञाचं नाव त्याला दिलेलं होतं. जहाजावरची एक तरुण संशोधक अराल्स्कला घरी परतली आणि तिला देवी निघाल्या. दहा जणांना लागण झाली, तिघं दगावले. हे प्रकरण अनेक वर्षं दडवलेलं होतं. पुढे पाणी इतकं ओसरलं की २००१ च्या सुमारास ते बेट मुख्य भूमीला जोडलं गेलं, आणि तिथे पुरलेले अँथ्रॅक्सचे साठे २००२ मध्ये अमेरिकेच्या मदतीने निकामी करावे लागले.

आता पुन्हा कड्याखालच्या ओळीकडे. जहाजं ओळीत का उभी आहेत? समुद्र ओसरला तेव्हा ती जिथे-तिथे, किलोमीटरा-किलोमीटरांवर विखुरलेली होती. नव्वदच्या दशकात हाताला काम नसलेल्या गावाला जवळचं सगळ्यात मोठं धन म्हणजे हे लोखंड. गॅसने कापून, ट्रकांत भरून ते भंगारात गेलं. कझाकस्तानच्या बाजूला झलानाशचा असाच जहाजांचा मुक्काम जवळजवळ पूर्ण कापला गेला. मोयनाकला उरलेल्या मोजक्या बोटी स्मारकाजवळ ओढून आणून ठेवल्या आहेत. म्हणजे प्रवासी ज्याला काळाने थांबवलेलं दृश्य समजून फोटो काढतो, ते मांडलेलं प्रदर्शन आहे. यात फसवणूक झाल्यासारखं वाटायचं कारण नाही. फोटो काढणारे आले नसते तर याही बोटी वितळवून झाल्या असत्या. जवळून पाहिलं तर कित्येकींच्या पोटातलं इंजिन, पितळ, तांबं केव्हाच गेलंय. पत्र्यांवर येणाऱ्या-जाणाऱ्यांनी नावं कोरली आहेत, प्रेमिकांचे बदामही आहेत.

संग्रहालय चुकवू नये. पाणी असतानाचे फोटो, मासळीचे जुने डबे, किनाऱ्यावरच्या गर्दीची चित्रं बघितल्याशिवाय खालची वाळू नुसतीच वाळू राहते. नुकुसचं सावित्स्की संग्रहालयही याच सहलीत बघावं. इगोर सावित्स्की या माणसाने १९६६ पासून तिथे रशियातल्या बंडखोर चित्रकारांची चित्रं जमवली, मॉस्कोपासून इतक्या लांब की तिथवर कुणाची नजर पोहोचू नये. जायचं तर एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. ताश्कंदहून नुकुसला विमान आहे, रात्रभराची रेल्वेही आहे, आणि खिवा बघून मोटारीने आलं तर वाळवंटातून तीनेक तास लागतात.

२०१८ पासून या जहाजांच्या सोबतीने एक संगीत महोत्सवही भरू लागला. ‘स्तिखिया’ त्याचं नाव, ताश्कंदच्या एका वकिलाच्या डोक्यातून निघालेला. इलेक्ट्रॉनिक संगीताचे भोंगे, दिव्यांचे झोत, युरोपातून आलेले डीजे, आणि शेजारी गावातल्या आज्या नातवंडांना घेऊन बसलेल्या. स्मशानात नाच कसला, असं ऐकून वाटू शकतं. पण ज्या गावाकडे मदतनिधीच्या शिष्टमंडळांखेरीज वर्षानुवर्षं कुणी फिरकलं नाही, त्याला पाहुण्यांचं काही वावडं नसतं. संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस बान की मून २०१० च्या एप्रिलमध्ये इथे येऊन हळहळून गेले. हळहळीने गावातली खानावळ चालत नाही.

ज्यांच्याजवळ आणखी एक-दोन दिवस आहेत, ते चारचाकी जीप करून समुद्राला भेटायला पुढे जातात. रस्ता बराचसा समुद्राच्या तळावरूनच जातो. या नव्या वाळवंटाला अरलकुम म्हणतात. वारा चढला की इथलं मीठ आणि शेतांतून वाहून आलेल्या कीटकनाशकांचे अंश धुळीसोबत उठतात. काराकल्पाकस्तानात श्वसनाच्या आजारांची आणि रक्तक्षयाची तक्रार जुनी आहे. धूळ धरून ठेवावी म्हणून सरकारने २०१८ च्या हिवाळ्यापासून लाखो हेक्टरांवर साक्साऊलची लागवड चालवली आहे. हे खारट वाळूतही तग धरणारं काटक झाड. मध्येच तळावर वायूच्या विहिरी दिसतात. समुद्र गेल्यावर खालचा नैसर्गिक वायू काढणं सोपं झालं, आणि कुंग्रादजवळ त्यावर चालणारा मोठा रसायन प्रकल्प २०१६ मध्ये सुरू झाला.

उस्त्युर्त पठाराच्या कड्यावरून अखेर पाणी दिसतं, निळं आणि बरंच. काठावर गुडघाभर चिखल आहे. पाण्यात उतरलेला माणूस बुडत नाही, पाठीवर पडून तरंगतो आणि बाहेर आल्यावर अंगावर मीठ धरतं. मासा नाही. आर्टेमिया नावाचा इवलासा कोळंबीचा भाईबंद मात्र या खारटपणात मजेत राहतो, आणि त्याची अंडी गोळा करून मत्स्यशेतीच्या खाद्यासाठी परदेशी पाठवली जातात. मोयनाकचा सागरी व्यापार आज एवढाच.

उत्तरेची हकिकत वेगळी आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीला अरलचे दोन तुकडे पडले होते. कझाकस्तानने जागतिक बँकेच्या कर्जाच्या मदतीने २००५ मध्ये मधल्या चिंचोळ्या भागात कोकअरल हा सुमारे १३ किलोमीटरचा बांध घातला. सिर दर्याचं पाणी उत्तरेच्या लहान समुद्रात अडलं, पातळी अंदाजापेक्षा लवकर चढली, खारटपणा उतरला, मासे परतले, मासेमारी पुन्हा सुरू झाली. एकेकाळी बंदरापासून शंभरेक किलोमीटर गेलेलं पाणी अराल्स्कपासून वीसेक किलोमीटरवर आलं. बांधाच्या दक्षिणेला मात्र सांडव्यावरून येईल तेवढंच. दक्षिण अरलचा पूर्वेकडचा उथळ भाग २०१४ च्या उन्हाळ्यात पार कोरडा पडला होता.

दक्षिणेला असा बांध घालून भागत नाही, कारण अडवायला अमू दर्याचं पाणीच तिथवर येत नाही. उझबेकिस्तानने कापसाचं सरकारी उद्दिष्ट रद्द केलंय, काही शेतांत ठिबक आलंय, काही कालव्यांना अस्तर लागतंय. त्याच वेळी नदीच्या वरच्या अंगाला, अफगाणिस्तानच्या उत्तरेत, तालिबान सरकारने २०२२ पासून कोश तेपा नावाचा कालवा खणायला घेतला आहे. त्याची लांबी २८५ किलोमीटर, आणि त्यावर साडेपाच लाख हेक्टर जमीन ओलिताखाली आणायचा बेत आहे. मध्य आशियातल्या पाच देशांनी पाणीवाटपाचा करार १९९२ मध्ये केला, तेव्हा अफगाणिस्तान त्यात नव्हता. हा नवा कालवाही मातीचाच आहे.